रंगलेला तास आणि न सुटलेला गैरसमज

पदवीच्या जीवशास्त्रात व्याख्यानाऐवजी सक्रिय अध्ययन (गटचर्चा, प्रश्न सोडवणे यांतून शिकणे) आणावे, या आग्रहामागे भक्कम पुरावा आहे. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित शिक्षणावरील 225 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी सुमारे 34 टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण होत होते, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत सुमारे 22 टक्के. मात्र 2011 मध्ये अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या प्रास्ताविक जीवशास्त्राच्या वर्गांत नैसर्गिक निवडीचे आकलन तपासले, तेव्हा अशा पद्धतींचा वापर आणि आकलनातील वाढ यांत संबंध आढळला नव्हता. त्यांचे स्पष्टीकरण असे, की आधीचे बरेच प्रयोग शिक्षण-संशोधकांच्याच वर्गांत झाले होते; सर्वसाधारण प्राध्यापक पद्धतीचा बाह्य आकार उचलतात, आशय मागे राहतो.

आशय म्हणजे काय, हे एका उदाहरणातून दिसते. प्रतिजैविकांना जिवाणू दाद का देत नाहीत, असे विचारल्यावर पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, त्यांना औषधाची सवय होते. असे चौघे एका गटात बसले, तर एकमत लवकर होते, चर्चा रंगते आणि गैरसमज पक्का होतो. उलट, हाच प्रश्न औषधाऐवजी जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूबाबत तपासणाऱ्या ल्युरिया व डेलब्रुक यांच्या 1943 च्या प्रयोगाचे आकडे दाखवण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेतला, तर चित्र बदलू शकते. विषाणूच्या संपर्कामुळेच जिवाणूंत प्रतिकार निर्माण होत असेल, तर स्वतंत्रपणे वाढवलेल्या संवर्धनांत प्रतिरोधक वसाहती साधारण सारख्या निघायला हव्यात. प्रत्यक्षात त्यांच्या संख्येत प्रचंड तफावत आली, कारण उत्परिवर्तने संपर्काआधीच कमीअधिक लवकर घडलेली होती. लेखी अंदाज आणि आकडे यांतली विसंगती विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

असा प्रश्न रचायला विषयाचे आणि विद्यार्थ्यांच्या चुकांचे, दोन्हींचे ज्ञान लागते, वेळही लागतो. आपल्याकडे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला मानधन घेतलेल्या तासाचे मिळते, प्रश्न रचण्याचे नाही. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात सहभागी अध्ययनाची नोंद मागितली जाते, आणि नोंद उपक्रमाची होणे सोपे, आकलनातील बदलाची होणे अवघड. (छायाचित्रांत गटचर्चा नेहमीच छान दिसते.) या प्रोत्साहन-रचनेत उपक्रमांची संख्या वाढेल, आकलन वाढेलच असे नाही; काही वर्षांनी निकाल जागचे हलले नाहीत, की दोष पद्धतीवर जाईल आणि महाविद्यालये पुन्हा नोट्स सांगण्याकडे वळतील. तोटा मुख्यतः त्या विद्यार्थ्यांचा, ज्यांच्याकडे शिकवणीचा पर्याय नाही.