जर्मन शिकताय? व्याकरण मराठीतून घ्या

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मनचा क्लास हा घराघरात बोलायचा विषय झाला. नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयची मुलं, त्यांचे आईवडील सगळे चौकशी करतात. क्लास सुरू झाला की महिनाभरात एकच तक्रार ऐकू येते: व्याकरण डोक्यावरून जातं. मग कोणी सांगतं, आधी तक्ते घोकून टाक. कोणी सांगतं, व्याकरणाच्या नादाला लागूच नकोस, लहान मूल शिकतं तसं ऐकून शीक.

माझं म्हणणं, दोघांचंही ऐकू नका.

नुसत्या घोकंपट्टीने काय होतं ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. आठ विभक्त्या, तीन वचनं, एका शब्दाची चोवीस रूपं आपण धडाधडा म्हणायचो. संस्कृतने दहावीची टक्केवारी वाढवली, पण किती जणांना त्या भाषेत साधी वाट विचारता येते? लहान मुलाचा दाखलाही फसवा आहे. ते दिवसभर, वर्षानुवर्षं तीच भाषा ऐकत असतं आणि वर्षभरात बी-वन पातळीची परीक्षा दे म्हणून त्याच्यामागे कोणी लागत नाही. तुमच्याकडे रोजचे एकदोन तास आहेत. पण त्या मुलाकडे नसलेली एक गोष्टही आहे: नियम एकदा सांगितला की तुम्हाला कळतो. ती सोय का सोडायची?

म्हणून क्रम बदला. आधी वाक्य, मग नियम. ‘मिट देम बुस’ म्हणजे बसने, ‘मिट देम त्सूग’ म्हणजे रेल्वेने. अशी पाचसहा वाक्यं कानावरून गेली, तोंडात बसली की तुम्हीच विचाराल, एरवी ‘देर बुस’ असतं, इथे ‘देम’ कुठून आलं? त्या दिवशी पुस्तक उघडा. मनात प्रश्न तयार असला की नियम लक्षात राहतो, नाहीतर तो तक्त्यातच राहतो. गोएथे संस्थेच्या बी-वन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग आहेत, प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात. व्याकरणाचा वेगळा पेपर नाही. ते या चारांत मुरलेलं असावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. आपण जर्मन शिकतो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून, आणि तिथेच हातातलं भांडवल घालवतो. ‘मला थंडी वाजतेय’ याला जर्मन माणूस ‘मीर इस्ट काल्ट’ म्हणतो. मीर म्हणजे मला. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी हटकून ‘इश बिन काल्ट’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वतःला थंड स्वभावाचा म्हणवतोय. ‘मला फुलं आवडतात’ हे ‘डी ब्लूमेन गेफालेन मीर’ होतं. दोन्हीकडे कर्ता फुलंच, क्रियापद फुलांप्रमाणेच बदलतं. वर्गात यावर तासभर खर्ची पडतो, पण मराठी माणसाला हे पाच मिनिटांचं काम आहे. ‘वाइल इश क्रांक बिन’ शब्दाला शब्द ठेवून पाहा: कारण मी आजारी आहे. क्रियापद शेवटी गेलं म्हणून इंग्रजी भाषक वैतागतात, आपल्याला ते घरच्यासारखं वाटायला हवं. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी लागतं, तिथे मराठीची सवय आवरावी लागेल.

लिंगाचं तेवढं सोपं नाही. तीन लिंगं आपल्यालाही आहेत, त्यामुळे कल्पना परकी नाही, पण वाटणी जुळत नाही. आपलं दार नपुंसकलिंगी, त्यांची ‘ट्यूर’ स्त्रीलिंगी. आपली खिडकी स्त्रीलिंगी, त्यांचं ‘फेन्स्टर’ नपुंसकलिंगी. नुसता शब्द वहीत लिहूच नका, देर-डी-दाससकट लिहा. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ शेवटी आलं की स्त्रीलिंग, ‘शेन’ आलं की नपुंसकलिंग, एवढं धरून ठेवलं तरी बरंच हाती लागतं. मुलगी या अर्थाचा ‘मेट्शेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून हसणारे हसोत, आपण ‘पोरगं’ म्हणतोच की.

विशेषणांच्या शेपट्या, म्हणजे गुटेन, गुटेम, गुटेर, सुरुवातीला चुकल्या तरी चालतील. समोरच्याला कळतं. षष्ठीही थोडी थांबू शकते. पण तुटणाऱ्या, म्हणजे आपला एक तुकडा वाक्याच्या शेवटी टाकणाऱ्या क्रियापदांना उशीर नको, नर्स होणाऱ्यांनी तर मुळीच नको. रुग्ण ‘इश नेमे’ म्हणून सुरुवात करतो, मध्ये दोन महिन्यांची हकीकत सांगतो आणि शेवटी ‘आब’ म्हणतो किंवा ‘त्सू’. ‘आब’ म्हणाला तर वजन घटतंय, ‘त्सू’ म्हणाला तर वाढतंय. पहिल्या शब्दांवरून अंदाज बांधून वाक्य अर्ध्यात सोडलंत तर नोंद उलटी होईल. हा नियम समजून घ्या आणि मग अशी वाक्यं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचा रोज सराव करा.

क्लास लावण्याआधी एक तास बसून पाहा. फळ्यावर जर्मन आणि इंग्रजी असे दोनच रकाने दिसले तर शिक्षकांकडे मराठीचा तिसरा रकाना मागा. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर पिढ्यान्‌पिढ्या मराठीतूनच इंग्रजी शिकल्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शिक्षक अमराठी असतील तर घरी आल्यावर वहीत तो रकाना स्वतः आखा, आणि वर्गात झालेलं प्रत्येक वाक्य तुम्ही आईशी बोलता त्या मराठीत त्यात लिहा.