सैनिकाची विधवा आणि वकीलपत्र

लाटंबार्से हे डिचोली तालुक्याच्या सीमेवरील गाव. तेथून पलीकडे गेले की दोडामार्ग लागतो, गोव्याची हद्द संपते आणि महाराष्ट्राची सुरू होते. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, ही ह्या टापूतील नित्याची गोष्ट होय. काही दिवसांपूर्वी ह्या गावातील एक बाई आम्हांस भेटावयास आल्या. त्यांचे पती मराठा पलटणीत शिपाई होते. नोकरीत असताना त्यांना आजार जडला, वैद्यकीय मंडळाने त्यांना सेवेस अपात्र ठरविले आणि ते घरी परतले. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला. पुढे काही वर्षांनी त्यांचे देहावसान झाले.

बाईंच्या हातातील कापडी पिशवीत तीन कागद होते. पहिले, पती हयात असताना त्यांनी बाजारातील एका मध्यस्थाच्या नावे करून दिलेले मुखत्यारपत्र. दुसरे, पतीच्या पश्चात बाईंनी एका वकिलास दिलेले वकीलपत्र. तिसरी एक चिठ्ठी. पुढे जे काही निवृत्तिवेतन सुरू होईल त्याचा निम्मा वाटा त्या मध्यस्थास द्यावयाचा, असे तीत लिहिलेले होते आणि खाली बाईंची सही होती.

"वकील भेटत नाहीत, फोनही घेत नाहीत," बाई म्हणाल्या. "दुसरा वकील करावा, तर पहिल्यांना वाईट वाटेल. आणि सही तर मी करून बसले आहे. आता काय बोलायचे?"

वाचकहो, "सही करून बसले" हे शब्द आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत. ज्याने आयुष्यभर हुकूम पाळला त्या सैनिकाच्या घरात तर सहीचा धाक अधिकच असतो. म्हणून आज ह्या तीन कागदांविषयीच चार शब्द लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम मुखत्यारपत्र पाहू. आपल्या वतीने अमुक कामे करण्याचा अधिकार आपण दुसऱ्यास देतो, तो ह्या कागदाने. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अधिकार देणारा मरण पावला, म्हणजे सर्वसाधारणपणे तो अधिकारही संपतो. तेव्हा पतीने दिलेले मुखत्यारपत्र पतीबरोबरच गेले. त्याच्या बळावर तो मध्यस्थ बाईंच्या वतीने एक अर्जही करू शकत नाही. विधवेचा हक्क हा तिचा स्वतःचा हक्क होय, आणि त्यासाठी कोणास नेमावयाचे असेल तर सहीही तिचीच हवी.

अधिकार देणारा हयात असेल तर तो मुखत्यारपत्र रद्द करू शकतो. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. रद्द केल्याचे ज्यास कळलेच नाही, त्याच्यापुरते ते रद्द होत नाही, असे तोच कायदा सांगतो. म्हणून घरी बसून कागद फाडल्याने काही साधत नाही. रद्द केल्याचा लेख करावा. मूळ कागद नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही उपनिबंधकाकडे नोंदवावा. त्याची प्रत त्या मुखत्यारास, बँकेस, पलटणीच्या अभिलेख कार्यालयास आणि प्रयागराज येथील संरक्षण निवृत्तिवेतन लेखा कार्यालयास पाठवावी, आणि प्रत्येकाची पोच जपून ठेवावी. मराठा पलटणीचे अभिलेख कार्यालय बेळगावी आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आता ती चिठ्ठी. ही वाचून आम्हांस खेद झाला, पण चिंता वाटली नाही. १८७१ चा निवृत्तिवेतन कायदा आजही लागू आहे. जे निवृत्तिवेतन अद्याप देय झालेले नाही ते दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा करार त्या कायद्याने निरर्थक ठरविला आहे. पुढील महिन्यांच्या निम्म्या वाट्याची ती चिठ्ठी म्हणजे केवळ शाईचा खर्च होय. वकिलांच्या बाबतीतही नियम कडक आहे. निकाल लागला तर रकमेचा अमुक हिस्सा, अशी फी ठरविण्यास बार कौन्सिलने वकिलांस मनाई केली आहे. वकिलाची फी कामाची असते, मिळणाऱ्या रकमेच्या वाट्याची नव्हे.

ही लुबाडणूक आपल्याच देशात होते असे कोणी समजू नये. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असतानाच सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या दाव्यांभोवती मध्यस्थांचा बाजार भरला होता. तेथील सरकारने १८६२ साली अशा दाव्याची फी ५ डॉलरांवर बांधली आणि १८६४ साली ती १० डॉलर केली. ही १० डॉलरांची मर्यादा १९८८ पर्यंत टिकली. तिने लुटीस आळा बसला खरा, पण इतक्या अल्प फीत काम करावयास चांगला वकील मिळेना, अशी तक्रारही पुढे झाली. आज तेथे एका दाव्यात एका वेळी एकच प्रतिनिधी चालतो, आणि नवा नेमला की जुन्याची नेमणूक आपोआप संपते.

आपल्याकडे मात्र ती आपोआप संपत नाही, आणि येथेच बाईंचे दुसरे वाक्य पुढे येते. पहिला वकील बदलावयाचा कसा?

सैनिकांच्या सेवेविषयीचे व निवृत्तिवेतनाचे वाद ऐकण्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले, आणि २००९ साली त्याचे काम सुरू झाले. गोवा व महाराष्ट्र ह्या दोन्ही राज्यांतील दावे त्याच्या मुंबई खंडपीठाकडे जातात. त्यामुळे लाटंबार्शातील विधवेस आणि दोडामार्गातील विधवेस ह्या बाबतीत दार एकच आहे. निवृत्त सैनिकाच्या पश्चात त्याचे वारसही तेथे दाद मागू शकतात. अर्जदाराने स्वतः उभे राहावे किंवा आपल्या पसंतीचा वकील द्यावा, अशी दोन्ही मोकळीक कायद्यात आहे. "आपल्या पसंतीचा" हे शब्द वाचकांनी मनात धरून ठेवावे.

वकीलपत्र न्यायालयात एकदा दाखल झाले, म्हणजे ते दावा संपेपर्यंत चालू राहते. अशिलाचा किंवा वकिलाचा मृत्यू झाला तर ते संपते. एरवी ते संपवावयाचे तर सहीचा लेख न्यायालयात देऊन परवानगी घ्यावी लागते. दिवाणी संहितेतील हा नियम आहे. न्यायाधिकरण त्या संहितेने काटेकोर बांधलेले नसले, तरी वकीलपत्राचा व्यवहार तेथेही ह्याच वळणाने चालतो. दुसरी गोष्ट, एका वकिलाचे वकीलपत्र दाखल असताना दुसऱ्या वकिलाने त्याच्या संमतीवाचून त्या दाव्यात उभे राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. पहिल्याने संमती दिली नाही, तर दुसऱ्याने कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागावी, अशी वाटही तोच नियम दाखवितो. पहिल्या वकिलाचा नकार हा रस्त्यातील अडथळा असेल, पण तो रस्त्याचा शेवट नव्हे.

तेव्हा क्रम असा धरावा. प्रथम न्यायाधिकरणाच्या कार्यालयाकडे चौकशी करून आपला दावा खरोखर दाखल झाला आहे काय आणि त्याचा क्रमांक काय, हे समजून घ्यावे. पुष्कळदा वकीलपत्रावर सही होते आणि दावा मात्र वकिलाच्या कपाटातच राहतो. तसे असेल तर न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही. दावा दाखल असेल, तर वकिलास नोंदणीकृत टपालाने सभ्य शब्दांत पत्र लिहावे: दाव्याची स्थिती काय आहे, पुढील तारीख कोणती, हे अमुक दिवसांत कळवावे. पुष्कळ वेळा विलंब न्यायाधिकरणाकडील गर्दीचा असतो, वकिलाचा नसतो. त्यांना उत्तर देण्याची संधी देणे हा न्याय होय. उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर दुसरे पत्र लिहावे. वकीलपत्र मागे घेत आहोत, ना हरकत लिहून द्यावी आणि सर्व कागद परत करावे, इतकाच मजकूर त्यात पुरे. मग नव्या वकिलाचे वकीलपत्र ती ना हरकत जोडून, अथवा परवानगीच्या अर्जासह, दाखल करावे.

"पण फी चुकती केल्यावाचून कागद देणार नाही असे ते म्हणाले, तर?" बाईंनी विचारले. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने फी बाकी असल्याचे सांगून बँकेच्या दाव्यांचे कागद अडवून ठेवले होते. २००० साली न्यायालयाने निकाल दिला की, थकलेल्या फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही. बाकी फी मागण्यास त्याला कायद्याचा निराळा मार्ग आहे. अर्थात झालेल्या कामाची रास्त फी बुडवावी, असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. मजुराचे घामाचे दाम जसे द्यावयाचे, तसेच वकिलाच्या श्रमाचेही.

ह्या सर्व खटाटोपात वेळ का दवडू नये, हेही सांगितले पाहिजे. १९८३ साली अपंगत्वामुळे सेवेतून मुक्त झालेले एक सैनिक, तरसेम सिंग, १९९९ साली न्यायालयात गेले. त्यांचा हक्क मान्य झाला. परंतु २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, थकबाकी मागील सर्व वर्षांची मिळणार नाही. अर्ज करण्यापूर्वीच्या ३८ महिन्यांवरच त्यांना समाधान मानावे लागले. अशा दाव्यांत थकबाकी साधारणतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असा दंडक त्या निकालाने घातला. ज्याचा दावा दाखलच झाला नाही, त्याचे मागील एकेक वर्ष असे हातचे जाते. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे जावे, असेही २००७ च्या कायद्यात आहे. विलंबाचे पुरेसे कारण दाखविले तर तो क्षमापित होऊ शकतो, पण "वकिलांना वाईट वाटेल" हे कारण तेथे चालेल असे आम्हांस वाटत नाही.

आणि एकदा अर्ज नामंजूर झाला म्हणजे सारे संपले असेही नव्हे. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर अपस्माराच्या कारणाने २० टक्के अपंगत्व ठरवून घरी पाठविलेल्या धरमवीर सिंग ह्या शिपायास २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरून चालावे, आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असे त्या निकालात सांगितले आहे. बाईंच्या पतीच्या भरतीचे कागद म्हणूनच मोलाचे आहेत.

पैसा नसला तरी मार्ग आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. १५१०० ह्या दूरध्वनी क्रमांकावर त्याची माहिती मिळते. २०२५ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी वेगळी योजनाही सुरू केली आहे. साध्या अर्जासाठी तर वकिलाचीही गरज नाही. गोव्यातील रहिवाशांनी पणजीच्या सैनिक कल्याण खात्याकडे आणि सीमेपलीकडील कुटुंबांनी सिंधुदुर्गच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे. तेथे अर्ज भरून देण्यास पैसे पडत नाहीत.

एक सावधगिरीची सूचना करून हा लेख पुरा करतो. आता निवृत्तिवेतनाचा बहुतेक व्यवहार 'स्पर्श' ह्या संगणकीय व्यवस्थेतून होतो. तेथे शाईच्या सहीची जागा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली आहे. कोऱ्या मुद्रांकावर सही देणे आणि मध्यस्थास ओटीपी सांगणे ही एकाच जातीची चूक होय. 'स्पर्श' मध्ये नोंदविलेला मोबाइल क्रमांक आपला स्वतःचा आहे, की अर्ज भरून देणाऱ्याचा, हे प्रत्येक कुटुंबाने आजच पाहून घ्यावे.

त्या दिवशी बाईंनी आमच्या समोर बसून वकिलास पत्र लिहिले. पहिला मसुदा त्यांनी फार नम्र केला होता, जणू त्याच काही अपराध करीत होत्या. दुसऱ्या मसुद्यात नम्रता राहिली, भीती गेली. पत्राची पोच आली आहे. दावा अद्याप दाखलच झाला नव्हता असे चौकशीत निघाले. त्यामुळे मागील काही महिने हातचे गेले, पण पुढचे वाचले. निकाल काय लागेल तो लागो. "माझ्या वतीने कोण बोलणार, ते मी ठरवीन," असे त्या माउलीने मात्र ठरविले आहे.

मुखत्यार असो वा वकील, आपण त्यास आपला आवाज उसना देतो. उसने दिलेले परत मागण्यात लाज कसली?