कॉट बेसिसवरचं विद्यापीठ

दिवाळीच्या आठवड्यात एखाद्या विद्यापीठाच्या वसतिगृहात गेलात, तर कोण घरी गेलं यापेक्षा कोण मागे राहिलं ते पाहावं. मेस बंद असते, पाण्याचा पंप दिवसातून एकदाच चालतो आणि रेक्टरसाहेब गावाला गेलेले असतात. मागे राहिलेल्यांत ईशान्येकडची मुलं असतात. जाण्यायेण्यातच सुटी संपणार म्हणून त्यांनी तिकीटच काढलेलं नसतं. एखादा परदेशी विद्यार्थी असतो. एमपीएससीचा फॉर्म भरलेले असतात. आणि बीड-पाथर्डीकडचे एक-दोघे असे असतात की ज्यांच्या घराला कुलूप आहे. आईबाप उचल घेऊन, कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत; त्यांची दिवाळी उसाच्या फडाशेजारच्या कोपीत होणार. पोरानं जायचं कुठं? प्रवेश अर्जावर त्याचा कायमचा पत्ता लिहिलेला आहे, पण त्या पत्त्यावर सहा महिने कुणी राहत नाही. विद्यापीठाच्या यादीत तो ‘एनटी-डी’ (भटक्या जमाती-ड) या रकान्यातला एक आकडा असतो.

हे रकाने भरण्याचा मोठा उत्सव आता सगळीकडे असतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात विद्यार्थी नोंदणी आणि विद्यार्थ्यांमधलं वैविध्य यांची माहिती द्यावी लागते. अहवाल द्यायच्या आदल्या आठवड्यात कॉलेजात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. मुली किती, राखीव जागांवरचे किती, परराज्यातले किती. तक्ते तयार होतात, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर वेगवेगळ्या चेहऱ्यांचा हसरा फोटो छापला जातो आणि वैविध्य झालं असं धरून चालतात.

आकडे वाईट नाहीत, हे आधी मान्य केलं पाहिजे. केंद्राच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरातली नोंदणी 4 कोटी 33 लाखांवर गेली. त्यात मुली 2 कोटी 7 लाख, म्हणजे जवळजवळ निम्म्या. महाराष्ट्रात पंचेचाळीस लाखांहून जास्त; आपल्यापुढे फक्त उत्तर प्रदेश. 18 ते 23 या वयोगटातल्या दर शंभर लोकांमागे उच्च शिक्षणातली नोंदणी 28.4 होती. अनुसूचित जातींत हे प्रमाण 25.9 आणि जमातींत 21.2 होतं. लोकसंख्येत चौदा टक्के असलेला मुस्लीम समाज या नोंदणीत पाच टक्क्यांहूनही कमी होता, आणि त्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. तरी एकंदर चढण चढतो आहोत, यात शंका नाही.

पण प्रवेश घेतलेला मुलगा तीन वर्षं त्या शहरात राहणार कुठं आणि जेवणार काय, हे या तक्त्यांत कुठंही नसतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रात विद्यापीठं खरोखर सगळ्यांची झाली ती वसतिगृहांमुळं, आणि आज ती कुठं अडत असतील तर तिथंच अडतात.

थोडं मागे जाऊन पाहू. मुंबई विद्यापीठ 1857 चं. 1862 साली बी. ए. झालेले पहिले चौघे म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही विद्वान, पण आडनावांवरूनच त्या वेळचं वैविध्य कळतं. पुढे वीस वर्षांनी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. विद्यापीठाचं दार कागदावर कुणालाच बंद नव्हतं. परीक्षा द्यावी, पास व्हावं, पदवी घ्यावी. प्रश्न होता तो परीक्षेपर्यंत टिकून राहण्याचा.

तो प्रश्न कोल्हापुरात शाहू महाराजांनी बरोबर ओळखला. मागास वर्गांसाठी नोकरीतल्या 50 टक्के जागांचा 1902 चा त्यांचा आदेश सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आदल्या वर्षी, 1901 मध्ये, त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं होतं, हे तितकं ध्यानात राहत नाही. नोकरीत जागा ठेवायच्या तर त्या भरायला शिकलेली मुलं हवीत, मुलं शिकायची तर ती खेड्यांतून कोल्हापुरात यायला हवीत, आणि आली तर दोन वेळा जेवायला हवीत. मग जैन, मुस्लीम, लिंगायत असं एकेका समाजाचं बोर्डिंग उभं राहिलं. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वसतिगृहं काढली म्हणून महाराजांना आज नावं ठेवणारे भेटतात. त्यांनी त्या काळची पंगत आठवावी. एका छपराखाली सगळ्यांना ठेवतो म्हणाले असते, तर छप्पर रिकामं राहिलं असतं.

मात्र त्या व्यवस्थेतली खोटही कोल्हापुरातच दिसली. भाऊराव पाटील तेव्हा विद्यार्थी होते आणि जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. पुढं रयत शिक्षण संस्था 1919 साली सुरू झाली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग आलं आणि तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करू लागली, एका पंगतीला बसू लागली. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले. मुलांनी शेतात राबावं, रस्त्याची खडी फोडावी आणि त्यावर शिकावं, ही ‘कमवा आणि शिका’ची रीत तिथलीच. 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा त्याच्या वर्गांत बसायला पोरं तयार होती; ती आधी बोर्डिंगांत तयार झाली होती.

आणि बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनला जाऊन आलेला हा माणूस 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, आणि ते कळताच लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. शिक्षण पूर्ण झालं होतं, फक्त खोली मिळत नव्हती. 1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या अगदी पहिल्या कामांत 1925 च्या जानेवारीत सोलापूरला काढलेलं वसतिगृह होतं. मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज 1946 चं, तेव्हाच्या औरंगाबादचं कॉलेज (पुढचं मिलिंद) 1950 चं. मिलिंदच्या आवारात, नागसेनवनात, कॉलेजाबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या पोरांनी तिथं ट्रंका ठेवल्या.

आम्हा नियतकालिकवाल्यांना त्या परिसराचं ऋण वेगळं मानावं लागतं. ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवणारे गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये शिकवत होते. त्या वर्गांतून, त्या खोल्यांतून लिहिणारी एक पिढीच बाहेर आली आणि मराठीचा शब्दसंग्रह, तिचे विषय, तिची दिवाळी अंकांतली पानं, सगळंच बदललं. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला, हॉस्टेलात राहणारा ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर 1963 चा. मराठी वाङ्मयातल्या कितीतरी महत्त्वाच्या गोष्टी लोखंडी कॉटवर बसून सुचल्या आहेत. वसतिगृहं नसती तर आमचे अंक कुणी लिहिले असते, हा प्रश्न आम्ही गमतीनं विचारत नाही.

हे सगळं सुखासुखी घडलं असं मात्र कुणी समजू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 रोजी केला आणि खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. विद्यापीठ कुणाचं, याचं उत्तर तेव्हा रस्त्यावर दिलं गेलं. तक्त्यातल्या वैविध्याला अशी किंमत मोजावी लागत नाही, म्हणून ते स्वस्त वाटतं.

आता आजच्या पुण्यात येऊ. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. चांगली योजना आहे. मोठ्या शहरांसाठी तिचा मूळ हिशेब असा होता: वर्षाला जेवणाला 32,000, राहायला 20,000, किरकोळ खर्चाला 8,000, एकूण 60,000. कॉलेज दहा महिने धरलं तर जेवणाला महिन्याला 3,200 आणि राहायला 2,000 रुपये. पुण्यात 2,000 रुपयांत कॉट बेसिसवरही जागा मिळत नाही. कॉट बेसिस म्हणजे खोली चौघांची किंवा सहा जणांची, तुमची फक्त एक कॉट आणि तिच्याखालची बॅग. त्यातून पैसे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांइतकेच किंवा त्याहूनही उशिरा येतात. हप्ता जमा होतो तेव्हा परीक्षा उलटून गेलेली असते. तोवर मालक थांबत नाही, मेसवाला थांबत नाही. मग मुलगा एक वेळची मेस लावतो. गावी गेला की खाडा धरायला सांगतो. नाहीतर ओळखीच्या मुलाच्या हॉस्टेलच्या खोलीत रात्री गपचूप येऊन जमिनीवर अंथरूण टाकतो. अशा बिनपरवाना राहणाऱ्याला हॉस्टेलात ‘पॅरासाइट’ म्हणतात, आणि रेक्टर तपासणीला आले की तो गच्चीवर जातो. नोंदणीच्या तक्त्यात तो पूर्ण एक धरलेला असतो.

मुलींचंही तेच. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय मोठा आहे, त्याचं कौतुकच करायला हवं. पण फी माफ झालेली मुलगी इंजिनिअरिंगला संभाजीनगरला जाणार की तालुक्याच्या गावात जे मिळेल ते घेणार, हे घरी ठरतं. आणि ‘राहणार कुठं, कुणासोबत’ या वाक्यावर ठरतं. मुलींचं वसतिगृह असलं की बापाचा होकार येतो, असं कुठल्याही ग्रामीण कॉलेजातले प्राध्यापक सांगतील. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचं उदाहरण तर आणखी टोकाचं. जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. गडचिरोलीला 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा नागपूरचा हेलपाटा वाचला; पण रोज ये-जा करून शिकण्याचा प्रश्न भामरागडच्या मुलीपुढं मुळातच नाही. तिला जिल्ह्यात राहायची जागा हवी.

आणखी एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकतो. वसतिगृहं आज निघतात, नाही असं नाही. समाजकल्याणचं वेगळं, आदिवासी विकासचं वेगळं, इतर मागासांचं वेगळं, मराठा विद्यार्थ्यांसाठी वेगळा भत्ता. खातं वेगळं, इमारत वेगळी, मेसचा ठेकेदार वेगळा. इतर प्रवर्गांना थोड्या जागा असतात, त्याही कागदावर. एका वर्गात शेजारी बसणारी मुलं संध्याकाळी शहराच्या चार दिशांना जातात आणि आपापल्यांतच जेवतात. शाहू महाराजांची 1901 ची सोय आपण चालू ठेवली, साताऱ्याच्या बोर्डिंगातली 1924 ची पंगत सोडून दिली. सव्वाशे वर्षांपूर्वी वेगळी बोर्डिंगं ही नाइलाजाची पायरी होती. आज ती शासनाच्या सोयीची झाली आहे. विद्यापीठांच्या आवारात, विद्यापीठांच्या ताब्यात, सगळ्या खात्यांचा पैसा एकत्र करून मिश्र वसतिगृहं बांधायला कायद्याची अडचण असेल तर ती दूर करावी. कुलगुरूंनी प्रवेशद्वारांच्या कमानी आणि वातानुकूलित सभागृहं काही वर्षं थांबवली तर कुणाचं शिक्षण अडणार नाही.

या दिवाळी अंकाच्या विशेष विभागात म्हणूनच आम्ही वसतिगृहात राहून शिकलेल्यांना लिहायला सांगितलं. बहुतेकांनी अभ्यासापेक्षा जेवणाबद्दल जास्त लिहिलं आहे. आम्ही ते कापलं नाही.

वाचकांपैकी अनेकांची मोठ्या शहरांत घरं आहेत आणि एखादी खोली विद्यार्थ्यांना दिलेली आहे किंवा द्यायची आहे. त्यांना एक विनंती. भाडं ठरवा, अनामत घ्या, रात्री किती वाजता दार बंद होतं ते सांगा. पण आडनाव विचारून, गाव विचारून, काय खाता विचारून मग ‘जागा भरली’ असं सांगू नका. आणि ज्यांनी स्वतः कधीकाळी बोर्डिंगात, हॉस्टेलात राहून पदवी घेतली, त्यांनी माजी विद्यार्थी मेळाव्याला देणगी देताना ती आपल्या जुन्या वसतिगृहाच्या मेससाठी द्यावी आणि पावतीवर तसं लिहून घ्यावं.



— संपादक