काळी एकचा सा

पाच तारांची बेस गिटार घ्यायची असेल तर दुकानात पहिल्या चार तारांकडे ढुंकूनही पाहू नये, असं माझं मत आहे. त्या चार कुठल्याही बऱ्या बेसवर बऱ्याच वाजतात. पैसे पाचव्या तारेचे मोजायचे.

मत एका पेटीवाल्याचं आहे, हे आधीच सांगतो. चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये लेकीबरोबर फिरताना ते तयार झालं. ती पंजाब विद्यापीठात शिकते, मित्रांच्या बँडमध्ये बेस वाजवते आणि भाद्रपदात इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत माझ्या पेटीशेजारी बसते. अडचण तिथेच होते. चार तारांच्या बेसची सर्वांत खर्जातली तार ई, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. आमचे भजनीबुवा गाणार काळी एक, फार तर काळी दोनमध्ये. म्हणजे खालचा सा हाताशी येता येता निसटतो आणि तिला तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. पखवाज खाली घुमतोय आणि बेस त्याच्या डोक्यावर चढून बसलाय, असा सगळा प्रकार. पाचवी तार बी, पांढरी सात. तिच्या दुसऱ्या पडद्यावर काळी एक, चौथ्यावर काळी दोन. आमच्या भजनासाठीच कुणी ती लावली असावी!

लावली अर्थात इतरांनी इतर कारणांसाठी. लिओ फेंडरने १९५१ मध्ये बेस बाजारात आणली ती चार तारांची. खालच्या बीची पाच तारांची बेस अमेरिकेत जिमी जॉन्सनने १९७६ मध्ये अलेंबिककडून करून घेतली. पुढे सिंथेसायझर आले आणि ते ईच्या खाली बिनदिक्कत उतरू लागले; मग बेसवाल्यांनाही उतरणं भाग पडलं. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रागांच्या ध्वनिमुद्रणासाठी रोलंडचं टीबी-३०३ वापरलं. ते यंत्र बेसवाल्याची जागा भरून काढायलाच बनवलेलं होतं. माणसाऐवजी यंत्र आणण्याची हौस काही आजची नव्हे.

तर आमच्यापुढे दोन बेस होत्या. यामाहाची टीआरबीएक्स ३०५ आणि आयबानेझची एसआर ३०५ ई. दोन्हींची तार ३४ इंची, म्हणजे तो प्रश्न मिटला. काही बेस ३५ इंची असतात. तार लांब असली की तोच सूर मिळवायला ती जास्त ताणावी लागते आणि खर्ज जरा घट्ट लागतो. पण हातही तेवढा ताणावा लागतो.

दुकानातल्या मुलाने अंगठ्याने फटकारे मारत फार झकास वाजवून दाखवलं. सगळं वरच्या तारांवर. लेक म्हणाली, “बाबा, हे ऐकून काही कळणार नाही.” तिने पाचव्या तारेचा पाचवा पडदा दाबला आणि मग ईची मोकळी तार छेडली. सूर एकच. आवाजाच्या जातीत फार फरक पडला तर पाचवी तार लेचीपेची समजायची. पण हेही छोट्या अँपवर करू नये. मोकळ्या बीची कंपनं सेकंदाला साधारण ३१. लहान स्पीकरला ती पेलत नाहीत, त्यातून वरचे स्वरांश तेवढे बाहेर पडतात आणि मूळ सूर आपला कान भरून घेतो. आम्ही कोपऱ्यातला मोठा कॅबिनेट मागून घेतला. मालकांचा चेहरा थोडा पडला, पण दिला.

दोन्ही बेस उत्तीर्ण झाल्या. मग उरली बोटं. आयबानेझवर तारांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, यामाहावर १८. ऐकायला दीड मिलिमीटर, पण उजव्या हाताला ते लगेच कळतं. माझं म्हणणं अरुंद घ्यावी, भजनात कुठे अंगठ्याचे फटकारे मारायचेत? तिचा हात चार तारांच्या ऐसपैस अंतराला सरावलेला. तिने यामाहा घेतली. वाजवणार ती, त्यामुळे माझं मत पेटीत ठेवून दिलं.

घरी आल्यावर दोन सूचना मात्र केल्या. आतल्या सर्किटला बॅटरी लागते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची. नाहीतर बॅटरी रात्रभर झिजत राहते. आणि इथला मे महिना अंग भाजून काढतो, जानेवारीत पाणी हातात धरवत नाही, अशा हवेत मानेचं लाकूड वाकतं. ती सरळ करायला ॲलन की जवळ असू द्यावी.

काळी एकचा सा आता बेसमधून व्यवस्थित निघतो. गणपतीतला भाड्याचा स्पीकर मात्र तो सूर गिळून टाकतो. यंदाच्या वर्गणीतून मोठा कॅबिनेट भाड्याने घ्यावा असं मी बैठकीत सुचवलंय. खजिनदार प्रसादाचा खर्च दाखवतायत.