अलिबागला जाऊन आलात, पण पाहिलंत काय?

कुणाला बावळट ठरवायचं असेल तर आपल्या होस्टेलवर अजूनही "अलिबाग से आया है क्या?" असं विचारतात. या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये हायकोर्टात याचिकासुद्धा झाली होती. कोर्टाने ती फेटाळली. माझं म्हणणं वेगळं आहे. आपली ट्रिप ज्या पद्धतीने अलिबागला जाऊन येते ते बघता हा प्रश्न अलिबागकरांना नव्हे, आपल्यालाच विचारायला हवा.

ट्रिप म्हणजे काय? बस, अंताक्षरी, बीच, फोटो, मासे, परत. ज्या गावात इंजिनिअरने चार तास रमावं, तिथून आपण फक्त चपलांत वाळू घेऊन येतो.

तिथली चुंबकीय वेधशाळाच घ्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंद तिथे झाली होती. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने रीडिंग बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. दोन्हीकडची रीडिंग जुळावीत म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी नोंदी घेतल्या. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंड टाळून तांबं-पितळ वापरलं. 'कॅलिब्रेशन' आणि 'नॉईज' हे शब्द आपण परीक्षेपुरते पाठ करतो, इथे त्यांची अख्खी इमारत उभी आहे!

कुलाबा किल्ल्याचंही तेच. शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेल्या या किल्ल्याचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. सिव्हिलच्या पोरांनी तरी भिंतीला हात लावून बघावं! जवळच्या समुद्रातला खांदेरी किल्ला तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. आपल्यातल्या कितीजणांनी पाहिली?

आता गंभीर मुद्दा. फेब्रुवारी २०१६ मध्ये इथून दक्षिणेला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. आपल्याच वयाची पोरं होती ती. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी 'समुद्रावर सहल नको' असं धोरण आलं. मला ते पटत नाही. बंदी घातली की पोरं न सांगता, बाईकवरून, सरांशिवाय जातात. तो धोका जास्त मोठा. समुद्र टाळण्यापेक्षा समजून घ्यावा.

आणि तो समजायला कठीण नाही. कोकणातला कोळी तिथीवरून भरती सांगतो. तिथीची पाऊणपट करा, साधारण ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुपारी आणि पहाटेही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. तेव्हाच किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीने जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी पुरतं ओसरत नाही, म्हणून गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. एवढं गणित फर्स्ट इयरच्या पोरालाही जमेल!

म्हणून ट्रिप कमिटीला आणि सरांना तीन गोष्टी सुचवतो. एक, तारीख जोडून आलेल्या सुट्ट्या बघून नको, तिथी बघून ठरवा आणि ओहोटीची वेळ नोटीस बोर्डावर लावा. दोन, वेधशाळेला आधी पत्र पाठवून परवानगी मागा आणि ती इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणून धरा. तीन, पाण्यात कोण उतरलं आणि कोण बाहेर आलं याची मोजणी दोघांकडे सोपवा. मेसच्या हिशेबाला आपण दोन माणसं नेमतो, मग जिवाच्या हिशेबाला का नाही?

एवढं केलं तर पुढच्या वर्षी कुणी "अलिबाग से आया है क्या?" विचारलं की ताठ मानेने सांगू, "हो, आणि बघून आलोय!"