बिस्किटाचा डबा

आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, मंचरला राहतात. त्यांच्या पडवीत 1982 सालची पद्मिनी उभी आहे. गाडी हो! गैरसमज नको.

मी जुन्नरहून माझी पुंटो घेऊन गेलो, की दाजी पद्मिनीच्या बॉनेटवर थाप मारतात. "पाव्हणं, फियाट म्हणावी तर ही! नुसतं लोखंड! तुमचा तो बिस्किटाचा डबा. धक्का लागला की चेपला!"

छे! हे आता स्पष्ट बोललंच पाहिजे. 1964 ची डिलाइट, 1972 ची प्रेसिडेंट, 1974 ची पद्मिनी. नावं तीन, गाडी जवळजवळ तीच. कुर्ल्याच्या कारखान्यातून आपला नंबर लागेपर्यंत लोक वर्षानुवर्षं थांबत. गावात एकच खाणावळ असली, की तिची आमटी सगळ्यांनाच आवडते.

आणि ते लोखंड! मी कॉमर्सचा पदवीधर. मला यंत्रातलं कळत नाही, जमाखर्च कळतो. टक्कर झाली की तिचा जोर कुणाच्या तरी खाती पडतोच. नवी गाडी पुढून चेपते, म्हणजे बराचसा जोर स्वतःच्या नावे टाकून घेते. जुनी मख्ख उभी राहते आणि रक्कम आतल्या माणसाच्या छातीवर जमा करते.

एक मात्र कबूल. पद्मिनीचं ते 1089 सीसीचं इंजिन नारायणगावचा कुठलाही फिटर पाना-पकड घेऊन उघडायचा. आमच्या रांजणगावात जन्मलेल्या पुंटोला आधी कॉम्प्युटर दाखवावा लागतो. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा माझाही घसा दाटला होता. आता तर फियाटनं इथलं दुकानच आवरलंय. म्हणजे आम्ही भांडतो तेही दोन बंद खात्यांवरून!

पण परवा दाजी म्हणाले, "नातीला पद्मिनीतनं नाशिक दाखवून आणतो." नात तीन वर्षांची. बसणार आजीच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. गाडीला पट्टा नाही. आणि नाशिक रस्त्यावर टोमॅटोच्या पिकअप कशा धावतात, हे मी सांगायला नको.

मी पुंटोची किल्ली पुढे केली. "दाजी, वरातीला पद्मिनी काढा. पोरीला न्यायचं तर हा डबा न्या. चेपला तर चेपू दे. पोर मागं, पट्ट्यात बसवा."

दाजी बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "टाकी भरलीय ना?"

जुनं ते सोनं, मान्य. पण सोनं लॉकरात ठेवायचं असतं. हे मी नाही, आमची बँक सांगते.