उंबरठ्यावर थांबणारा कवी : जॉन प्राइन

बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीताला साहित्य म्हणावे की नाही या जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटले. आपल्याकडे 'कवी' आणि 'गीतकार' अशी वर्गवारी पूर्वीपासून चालत आली असल्यामुळे मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नव्हताच. डिलनच्या समर्थकांनी त्याच्या गीतांतील प्रतिमांची दाटी, बायबलपासून फ्रेंच प्रतीकवाद्यांपर्यंतचे संदर्भ आणि अर्थाचे अनेक पदर यांवर भर दिला. डिलनपुरते हे समर्थन योग्यच आहे. पण त्यातून नकळत एक निकष तयार होतो : गीत जितके दुर्बोधतेकडे झुकेल, तितके ते कवितेच्या जवळ जाईल. हा निकष मला मान्य नाही. आणि तो अमान्य करण्यासाठी जॉन प्राइन या अमेरिकन गीतकार-गायकाची जवळजवळ पन्नास वर्षांची कारकीर्द पुरेशी आहे असे मला वाटते.

प्राइनचा जन्म १९४६ सालचा, शिकागोलगतच्या मेवूड या उपनगरातला. आईवडील मूळचे केंटकी राज्यातले. सैन्यात गेल्यावर व्हिएतनामऐवजी त्याची रवानगी पश्चिम जर्मनीत वाहनदुरुस्तीच्या कामावर झाली. परतल्यावर तो मेवूडच्या परिसरात टपाल वाटू लागला आणि पायी फिरता फिरता मनात गाणी रचू लागला. १९७० साली 'शिकागो सन-टाइम्स'चा चित्रपट-समीक्षक रॉजर इबर्ट एका क्लबात सहज शिरला आणि त्याने या गाणाऱ्या पोस्टमनवर लेख लिहिला. पुढे स्टीव्ह गुडमन या मित्राच्या आग्रहावरून क्रिस क्रिस्टॉफरसनने त्याला ऐकले आणि १९७१ मध्ये अटलांटिक कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली. ही हकिकत इतकी चित्रपटात शोभणारी आहे की प्राइनविषयीचे पुष्कळसे लेखन तिच्यातच अडकून पडते. 'गाणारा पोस्टमन' हे कौतुक आहे खरे. पण भोळ्याभाबड्या माणसाला लाभलेली दैवी देणगी असा त्याचा अर्थ होऊ लागतो, तेव्हा त्यामागची कारागिरी दृष्टीआड होते.

ती कारागिरी पाहायची तर पहिल्याच तबकडीतील तीन गाणी घ्यावीत. 'हॅलो इन देअर'मध्ये एक वृद्ध आपल्या संसाराविषयी बोलतो. मुले पांगली आहेत, एक कोरियाच्या युद्धात गेला आहे आणि नवराबायकोत बोलण्यासारखे फारसे उरलेले नाही. 'एंजल फ्रॉम माँटगोमेरी' ही एका प्रौढ स्त्रीची कैफियत आहे. तिचे आयुष्य स्वयंपाकघर आणि अबोल नवरा यांत संपत चालले आहे. 'सॅम स्टोन'मध्ये युद्धावरून परतलेला, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला एक सैनिक आहे आणि धृपदात त्याच्याकडे पाहणारी नजर त्याच्या मुलाची आहे. ही गाणी लिहिणारा मुलगा तेव्हा पंचविशीचाही नव्हता.

तरुणाने वार्धक्याविषयी लिहिणे यात स्वतःहून काही मोठेपण नाही. असे लेखन बहुधा भावविवश होते. प्राइन त्यातून वाचतो, कारण आपल्या पात्राला जेवढे कळते त्याहून अधिक तो स्वतःला कळू देत नाही. त्याची प्रौढ स्त्री स्त्रीमुक्तीची भाषा बोलत नाही. त्याचा म्हातारा वार्धक्याचे तत्त्वज्ञान सांगत नाही. मुलांची नावे घेतो आणि ती कुठे आहेत तेवढे सांगतो. सैनिकाचे मूल युद्धाचा निषेध करीत नाही; घरातला पैसा कुठे जातो एवढेच त्याला दिसते. निष्कर्ष काढण्याचे काम श्रोत्याकडे राहते. दुसऱ्याच्या दुःखाच्या उंबरठ्यापर्यंत जायचे, आत डोकावायचे, पण घराचा ताबा घ्यायचा नाही, असा हा संयम आहे. त्याला साधेपणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मात्र तो अजाणतेपणी आलेला साधेपणा नव्हे.

याच तबकडीतील 'पॅराडाइज' हे गाणे केंटकीतील ग्रीन नदीकाठच्या त्याच नावाच्या गावाविषयी आहे. प्राइनच्या आईवडिलांचा मुलूख तो. उघड्या कोळसाखाणींनी तिथली जमीन पोखरली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस गावच उठले. आज हे गाणे पर्यावरणवाद्यांच्या सभांमधून गायले जाते. पण ते लिहिले होते वडिलांसाठी. ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा वडील शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. गाणे ज्यूकबॉक्सवर वाजते आहे असे त्यांना वाटून घ्यायचे होते, असे प्राइन सांगत असे. त्याच वर्षी, तबकडी बाजारात येण्यापूर्वीच ते वारले. गाण्यात खाणकंपनीचे नाव स्पष्टपणे येते, तरी त्याचा गाभा बाप आणि मूल यांच्या संवादात आहे. मुलाला गावी जायचे आहे आणि जायला गाव उरलेले नाही. निषेध याहून अधिक तीव्र कसा करावा, हे मला तरी सुचत नाही.

प्राइनला हा संयम नेहमीच साधला असे मात्र नाही. २००५ सालच्या 'फेअर अँड स्क्वेअर' या संग्रहातील 'सम ह्यूमन्स एन्ट ह्यूमन' या गाण्यात तो इराक युद्धाबद्दल तत्कालीन राष्ट्राध्यक्षांवर थेट टीका करतो. त्याच्या मताशी मी सहमत आहे. पण गाणे म्हणून ते 'सॅम स्टोन'पुढे फिके पडते. तिथे एक माणूस दिसतो, इथे फक्त एक मत ऐकू येते. सत्तरच्या दशकातील त्याचे काही संग्रहही विस्कळीत आहेत. प्रत्येक ओळ सोन्याची ठरवण्याचा भक्तिमार्ग त्याच्या उपयोगाचा नाही.

समीक्षकांची अडचण वेगळीच आहे. साध्या शब्दांपुढे त्यांची परिभाषा अपुरी पडते आणि मग ते उसन्या नावांचा आधार घेतात. सुरुवातीला प्राइनला 'नवा डिलन' म्हटले गेले. २००९ साली खुद्द डिलनने एका मुलाखतीत त्याची मनापासून स्तुती केली, तीही प्रूस्त आणि अस्तित्ववाद यांचा हवाला देऊन. डिलनची दाद मोलाचीच आहे. पण मेवूडच्या म्हाताऱ्यांना साहित्यात प्रवेश मिळण्यासाठी पॅरिसचे शिफारसपत्र का लागावे? २००५ साली तत्कालीन राजकवी टेड कूझर यांनी प्राइनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बोलावून त्याच्याशी जाहीर संवाद साधला. सामान्य माणसांविषयी सोप्या भाषेत लिहिणाऱ्या त्या कवीने प्राइनला कवींच्या पंगतीत बसवले, हे मला अधिक अर्थपूर्ण वाटते.

लेखनातील हाच संयम त्याने व्यवसायातही पाळला. अटलांटिक आणि असायलम या मोठ्या कंपन्यांसाठी सात संग्रह केल्यानंतर, १९८१ साली त्याने व्यवस्थापक अल बुनेटा याच्या साथीने 'ओ बॉय रेकॉर्ड्स' ही स्वतःची छोटी कंपनी काढली. तेव्हा हा मार्ग शहाणपणाचा मानला जात नसे. श्रोते टपालाने पैसे पाठवीत आणि तबकड्या टपालानेच त्यांच्याकडे जात. त्यामुळे दरवर्षी काहीतरी बाजारात आणण्याची सक्ती उरली नाही. १९९१ सालच्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी मिळाले. पण 'फेअर अँड स्क्वेअर'नंतर नव्या गाण्यांच्या संग्रहासाठी श्रोत्यांना तेरा वर्षे थांबावे लागले. २०१८ साली आलेला 'द ट्री ऑफ फरगिव्हनेस' बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचला. तोवर त्याचा कोणताही संग्रह इतका वर गेला नव्हता आणि तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता.

मधल्या काळात, १९९८ साली, मानेतील कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले. आवाज खाली उतरला, खरखरीत झाला आणि जुनी गाणी खालच्या पट्टीत गावी लागली. गायकासाठी ही मोठीच हानी. पण 'हॅलो इन देअर'चे दोन्ही काळांतले गायन एकापाठोपाठ ऐकावे. तरुण प्राइन म्हाताऱ्याच्या वतीने बोलतो, उत्तरायुष्यातला प्राइन स्वतःच तो म्हातारा आहे. आणि गाण्यातला एकही शब्द बदलावा लागलेला नाही. पंचविशीच्या आत लिहिलेले शब्द सत्तरीतही खोटे पडले नाहीत, यापेक्षा मोठी कसोटी कोणता निकष लावणार?

७ एप्रिल २०२० रोजी नॅशव्हिल येथे कोविडमुळे प्राइनचे निधन झाले. त्या आठवड्यांत जगभर वृद्ध माणसे बंद दारांआड एकटी पडली होती. वृद्धांशी दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती करणारे त्याचे गाणे तेव्हा अनेकांनी पुन्हा ऐकले. त्या गाण्याला भाष्यकाराची गरज नव्हती. समीक्षेला त्याच्याविषयी बोलायचे असेल, तर आधी साध्या वाक्यापाशी थांबून ते नीट वाचायला शिकावे लागेल.